रायडिंगच्या विद्यार्थ्यांचं वर्षाचं नियोजन: आधी घोड्याचा कागद, मग स्वाराचा

"यंदा काय शिकायचंय?" असं वर्षाच्या सुरुवातीला विचारलं की बहुतेक विद्यार्थी उडी म्हणतात, उरलेले कॅन्टर (मध्यम वेगाची दौड) किंवा स्पर्धा. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेते आणि बाजूला ठेवते. पहिला कागद भरते तो घोड्याचा. घोड्याचं हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावाला येतात, स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि कंडरा, अस्थिबंध व हाडं तयार व्हायला कित्येक महिने जातात. म्हणून घोडा दमत नाही, उत्साहात आहे, असं वाटतं नेमक्या त्याच टप्प्यावर पाय दुखावतो. वर्षाचा वेग सगळ्यात सावकाश तयार होणाऱ्या भागावरून ठरवावा लागतो.

घोड्याच्या कागदावर पहिल्यांदा वय आणि वजन येतं. काटा नसेल तर टेप पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर वजन साधारण ४३६ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा सर्वसाधारण नियम. मांड अजून पक्की नसलेल्या विद्यार्थ्यासाठी मी १५ टक्क्यांवर थांबते, कारण पाठीवर आपटणारं वजन स्थिर वजनापेक्षा जड पडतं.

मग अंगकाठीचा गुण, १ ते ९ च्या मापावर. मान, खांद्यामागची जागा, मानेच्या मुळाशी खांद्यांवरचा उंचवटा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागा हाताने चाचपायच्या. नुसत्या नजरेवर जाऊ नये, थंडीतले दाट केस बरगड्या लपवतात. शाळेच्या घोड्यासाठी ५ हा चांगला आकडा: बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की लगेच लागतात. विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, शरीराचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. हे आकडे सकाळी, काम सुरू होण्याआधी, सलग काही दिवस घ्यावेत. एकाच दिवसाचा आकडा माशांनी त्रासलेल्या किंवा शेजारच्या घोड्याकडे डोळे लावून बसलेल्या घोड्याचा असू शकतो. दातांची शेवटची तपासणी, लसी, जंतांसाठी लिदीची तपासणी, नालबंदाची तारीख आणि खोगीर पाठीवर कसं बसतं, हे सगळं त्याच कागदावर.

शेवटी कडक, सपाट जमिनीवर घोडा हातात धरून सरळ रेषेत ट्रॉट (दुडकी चाल) करवायचा आणि समोरून, मागून व बाजूने चित्रण करायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. दोरीवर दोन्ही दिशांना फिरवूनही पाहायचं, सरळ रेषेत लपलेला दोष वर्तुळात उघडा पडतो. इथे शंका आली तर त्या घोड्याचं नियोजन तिथेच थांबवून पशुवैद्याला बोलवायचं.

आता स्वार. वर्षभर एकच चाचणी ठेवावी म्हणजे तुलना करता येते. माझी चाचणी २० × ४० मीटरच्या मैदानात होते: मधल्या रेषेवर सरळ वॉक (साधी चाल), मैदानाच्या खुणेच्या ठरलेल्या अक्षरापाशी हॉल्ट म्हणजे थांबणं, मान खाली न घालता योग्य डायगोनलवर (घोड्याचा बाहेरचा पुढचा पाय पुढे जाताना उठत) रायझिंग ट्रॉट म्हणजे लयीत उठत-बसत ट्रॉट, दोन्ही हातांना म्हणजे डावी-उजवीकडे २० मीटरचं वर्तुळ आणि आयाळ न धरता मैदानाची एक फेरी टू-पॉइंटमध्ये, म्हणजे खोगिरावरून उठून रिकिबीत तोल सांभाळत. कॅमेरा एकदा मधल्या रेषेच्या टोकाला आणि एकदा लांब बाजूला, दर वेळी त्याच जागी.

वर्तुळाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेकांचं अंडं होतं आणि दोष घोड्यावर जातो. २० × ४० च्या मैदानात लांब बाजूची कोपऱ्याजवळची अक्षरं कोपऱ्यापासून ६ मीटरवर असतात. २० मीटरचं वर्तुळ लांब बाजूला शिवतं ते कोपऱ्यापासून १० मीटरवर, म्हणजे अक्षराच्या ४ मीटर पुढे. विद्यार्थी अक्षराला शिवून वळतात, मग मैदानाच्या मध्यावरच्या एक्स या बिंदूपर्यंत पोचताना वर्तुळ लांबट होतं. चारही बिंदूंवर शंकू ठेवून एकदा चालत पाऊलवाट आखून घेतली की स्वाराला नजर कुठे न्यायची ते कळतं. वर्तुळ गोल आलं की घोड्याची लयसुद्धा एकसारखी होते, आणि लय हे पुढच्या सगळ्याचं पहिलं लक्षण आहे.

चाचणी झाली की विद्यार्थ्याने सांगितलेली इच्छा पुन्हा बाहेर काढायची. "चांगला कॅन्टर" हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते पूर्ण झालं की नाही यावर दोन माणसांचं एकमत होणार नाही. मी असं लिहिते: "दोन्ही हातांना, कोपऱ्यातून निघून, योग्य लीडवर (आतल्या बाजूचा पुढचा पाय पुढे टाकत) कॅन्टर. २० मीटरचं एक पूर्ण वर्तुळ, रिकीब न सुटता, लगामावर न लटकता." याच ओळीसमोर घोड्याची ओळ हवीच: "स्वाराने सतत टाच न मारता तो वर्तुळभर कॅन्टर टिकवतो." घोडा उजव्या लीडवर कमजोर असेल तर अर्ध्या वर्तुळात ट्रॉटवर येतो, विद्यार्थी टाचा मारायला शिकतो, घोडा टाचांना निबर होतो, आणि वर्षाअखेरीला दोघांची सवय मोडायची नवी कामगिरी मागे लागते. म्हणून अशा घोड्यावर आधी अनुभवी स्वाराने काम करायचं: वॉक–ट्रॉट–वॉक संक्रमणं, सौम्य चढ, जमिनीवरचे पोल. दोरीवरचं काम १५ ते २० मिनिटांच्या पुढे नको, सततच्या वर्तुळाने सांध्यांवर ताण येतो.

उडीचं उद्दिष्ट मी शेवटाकडून मागे मोजते. वर्षाअखेरीला ६० सेंटिमीटरचे आठ अडथळे शांत लयीत पार करायचे असतील, तर त्याआधीच्या तिमाहीत एकेरी अडथळे आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर, त्याआधी पोलवरचा कॅन्टर, आणि पहिली तिमाही पूर्ण टू-पॉइंट आणि ट्रॉट पोलसाठी. पहिली तिमाही गाळायची घाई सगळ्यांना असते. ती गाळली तर स्वार उडीच्या क्षणी मागे पडतो, लगाम ओढला जातो, लगामाची लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात आपटते, आणि चांगला घोडा अडथळ्यापुढे थांबायला लागतो.

पोलची अंतरं पावलांनी अंदाजे न मोजता टेपने घ्यावीत. वॉकसाठी ८० ते ९० सेंटिमीटर, ट्रॉटसाठी १.२ ते १.४ मीटर, कॅन्टरसाठी सुमारे ३ मीटर. छोट्या पोनीसाठी यातून कमी करावं लागतं. खुरांचे ठसे पाहून खात्री करायची: ठसा दोन पोलच्या बरोबर मध्ये पडायला हवा. पुढच्या पोलजवळ पडत असेल तर अंतर कमी आहे, मागच्याजवळ पडत असेल तर जास्त. अडथळ्यांमध्ये कॅन्टरची एक झेप ३.६ मीटर धरतात, शिवाय उतरायला १.८ आणि उठायला १.८. एका झेपेचं अंतर त्यामुळे ७.२ मीटर होतं, पण ही मोठ्या घोड्याची, खुल्या कॅन्टरची मापं आहेत. कमी उंचीवर झेप आखूड पडते, तेव्हा अंतरही थोडं आखूड ठेवावं.

मग येतं ते काम जे बहुतेक ठिकाणी राहून जातं: प्रत्येक घोड्याची बेरीज. प्रत्येक विद्यार्थ्याचं उद्दिष्ट वेगळं पाहिलं तर वाजवी असतं. एकाच घोडीवर चार विद्यार्थी असतील, त्यातल्या तिघांना उडी शिकायची असेल आणि प्रत्येकाचा आठवड्याला एक तास असेल, तर घोडीच्या वाट्याला उडीचे तीन दिवस येतात. विद्यार्थ्यांच्या कागदांवर हे कुठेच दिसत नाही. मी आठवड्याला उडीचे दोनच दिवस देते, तेही लागून नाहीत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. तिसऱ्या विद्यार्थ्याला दुसरा घोडा मिळतो, किंवा त्याची उडीची तिमाही पुढे सरकते. हे वर्षाच्या सुरुवातीलाच समजावून सांगितलं तर पालकही ऐकतात. मधेच सांगितलं तर अन्याय वाटतो.

घोड्याची मोठी सुट्टीही आधीच आखायची. महिनाभर विश्रांती झाली तर परतल्यावर पहिले दोन आठवडे फक्त वॉक, मग थोडा थोडा ट्रॉट, कॅन्टर त्यानंतर. तो महिना आणि पुढचे चार-पाच आठवडे उद्दिष्टांच्या हिशेबातून वजा होतात.

म्हाताऱ्या घोड्याला नवं काही शिकवायचं नसतं. अठरा वर्षांच्या घोड्याच्या कागदावर मी "आहे तेच टिकवणं" असं लिहिते, आणि तितक्याच नेमकेपणाने: सुरुवातीला १५ मिनिटं सैल लगामावर वॉक, १५ मीटरपेक्षा लहान वर्तुळ नाही, एकूण ४० मिनिटं. चार वर्षांच्या घोड्याचं उलट. पाठीच्या कण्यातली वाढीची टोकं सगळ्यात उशिरा, पाच-सहा वर्षांच्या आसपास मिटतात. त्याच्यावर नवशिक्या बसवायचा नाही आणि लांब सिटिंग ट्रॉट (न उठता बसून केलेला ट्रॉट) करायचा नाही.

आढावा दर सहा ते आठ आठवड्यांनी, नालबंदाच्या फेरीशी जोडून. खुरांचा तोल तेव्हा ताजा असतो, त्यामुळे हालचालीची तुलना खरी होते. मात्र नालबंदीनंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, काही घोडे लगेच हळवे असतात. तीच चाचणी, तोच कॅमेरा. खोगीरही त्याच दिवशी पाहायचं: वर्षभर नीट काम झालं की पाठीचे स्नायू भरतात आणि सुरुवातीला बसणारं खोगीर अरुंद होतं. तो घोडा तंग म्हणजे खोगिराचा पोटपट्टा कसताना कान मागे टाकू लागला की लोक स्वभाव बिघडला म्हणतात.

एखादी पायरी लागोपाठ दोन आढाव्यांत जमली नाही तर मी तारीख वाढवत नाही, पायरी तोडते. कॅन्टरचं वर्तुळ जमत नसेल तर लांब बाजूवर सहा झेपा आणि शांतपणे ट्रॉटवर परत येणं. विद्यार्थी घाबरलेला असेल तरी हेच, फक्त माप मिनिटांचं. वाढत्या वयातल्या मुलांची उंची काही महिन्यांत वाढली की मांड बिघडते. तेव्हा उद्दिष्टाला हात न लावता आधी रिकिबीची लांबी बदलून पाहायची.

घोड्याचा कागद पागेतच टांगलेला असतो, पेन दोरीने बांधलेलं. मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) त्यावर रोज एक ओळ लिहायची: दाणा पूर्ण खाल्ला का, सकाळी पहिली पावलं ताठ होती का, पायांना गरमपणा किंवा सूज होती का. सलग दोन दिवस तोच शेरा दिसला तर त्या आठवड्याचे उडीचे धडे रद्द, आणि ते तास विद्यार्थी जमिनीवर राहून खरारा, खुरांची सफाई आणि पाय चाचपणं शिकतात.