उत्तम शुक्रवारची दुसरी पाळी

डायलिसिसच्या कक्षाला सुटी नसते. नागपुरातल्या ज्या रुग्णालयात मी अकरा वर्षे परिचारिका आहे, तेथे सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या रुग्णांना येशूच्या मरणाचा दिवस असला तरी शुक्रवारी यावेच लागते. त्यामुळे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्या मंडळीत वधस्तंभावरील सात उद्गारांवर उपासना चालू असताना, मी बहुधा कोणाच्या तरी हातातील फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटे ठेवून त्यातली थरथर तपासत उभी असते.

त्या शुक्रवारी दुसऱ्या पाळीच्या एक ताई काट्यावर उभ्या राहिल्या आणि काटा 58.2 वर थांबला. त्यांचे कोरडे वजन, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यावरचे, 54 किलो. बुधवारपासून चार किलोंहून अधिक पाणी शरीरात साठले होते. एप्रिलची उन्हे, दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्याची मुभा आणि संत्र्यांच्या शहरात राहून पोटॅशियममुळे संत्र्याची फोडही वर्ज्य. अशा रुग्णाला रागावणे मला कधीच जमलेले नाही. तरी विचारले. त्या म्हणाल्या, "रात्री माठाजवळ बसली नं सिस्टर, पितच गेली. म्हटलं, शिक्षाच आहे तर पुरी होऊन जाऊ दे."

आदल्या संध्याकाळी प्रार्थनेसाठी घरी आलेल्या एका भावांनी त्यांना सांगितले होते की घराण्यात काही पाप लपलेले असल्याखेरीज बापाचा आजार लेकीकडे येत नाही. आजार खरोखरच बापाकडून आलेला होता. मूत्रपिंडात पाण्याचे फुगे धरणाऱ्या त्या विकारात आई किंवा वडील रुग्ण असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि ताईंना दोन मुले आहेत. हे गणित त्यांना डॉक्टरांनी आधीच समजावले होते. भावांनी त्याला पापाची जोड दिली.

तीन लिटर पाणी काढायचे ठरले. यंत्र सुरू झाल्यावर शेजारच्या खाटेवरचे गुरुजी, जे निवृत्तीपर्यंत शाळेत इतिहास शिकवत होते आणि कक्षातले सगळे ऐकूनही न ऐकल्यासारखे दाखवतात, एकदम बोलते झाले. "बायबलातल्या त्या निर्दोष, पण दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते शहाणे होते. तोंड उघडले आणि बिघडले." मग त्यांनी हिस्लॉप साहेबांची गोष्ट काढली. अठरा वर्षे नागपूर भागात शाळा काढणारा, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासणारा हा मिशनरी 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना फुगलेल्या ओढ्यात बुडाला. "वय पंचेचाळीस. त्याचं कोणतं पाप शोधायचं? शिलोहाचा बुरूज अठरा माणसांवर पडला तेव्हा येशूनंच विचारलं होतं, ते काय इतरांहून जास्त अपराधी होते?"

ताईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना ते पुरले नाही, हे मला दिसत होते. मी पाळकाची मुलगी. ही उत्तरे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली म्हणून जगात दुःख आहे, या युक्तिवादाने माणसाने माणसावर केलेला अन्याय काहीसा उलगडतो. पण वारशाने आलेल्या फुग्यांमध्ये कोणाची इच्छा होती? संकटाने धीर उत्पन्न होतो, असे प्रेषित पौल लिहितो, आणि ते मी या खाटांवर पाहिलेही आहे. तितकीच मोडून पडलेली माणसेही पाहिली आहेत. स्वतः पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवले, तेव्हा त्याला कृपा मिळाली, काटा मात्र राहिला.

तिसऱ्या तासाला ताईंच्या पोटऱ्यांत गोळे आले, पाठोपाठ जांभया सुरू झाल्या, आणि रक्तदाब उतरत असल्याची खूण असलेली जांभई दिसली की मी दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा फुगेपर्यंत थांबत नाही. रक्तदाब वरचा 80. पाणी काढणे बंद केले, खाटेचे डोके खाली घेतले, दोनशे मिलिलिटर सलाइन सोडले. त्यांनी डोळे उघडले आणि पुटपुटल्या, "यानं पाप केलं की याच्या आईबापानं?"

जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलेला तो प्रश्न होता. येशूचे उत्तर मला पाठ होते: याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. तेवढेच म्हटले. देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून, हा पुढचा भाग मुद्दाम गाळला. त्या क्षणी तो त्यांना आणखी एका ओझ्यासारखा वाटला असता. पाळकसाहेबांना हे सांगितले तर ते काय म्हणतील, कोण जाणे.

"आणि माझ्या पोरांना झालं तर?"

मी गप्प राहिले. रक्तदाब 100 वर येईपर्यंत त्यांचा हात हातात होता.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत आले होते. गुरुजी म्हणाले, "आता तिकडे पाचवा उद्गार होऊन गेला असेल." 'मला तहान लागली आहे.' पाळकसाहेबांना त्यावर दरवर्षी वीस मिनिटे बोलावे लागते. आमच्या कक्षात तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ताई किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला तरी सिस्टर, आंब मिळाली होती. मला बर्फ द्या." आंब म्हणजे वधस्तंभावर येशूच्या ओठांना लावलेला आंबट द्राक्षारस.

बर्फाचा एक खडा दिला. त्यांनी तो चावला नाही, गालात धरून ठेवला. गुरुजींनीही एक मागितला. दोन्ही खडे मी तक्त्यावर पाणी म्हणून लिहिले. जाताना वजन 56.3 भरले. उरलेले पाणी काढण्यासाठी डॉक्टरांनी शनिवारी सकाळची जादा पाळी दिली, आणि माझी सुटी असूनही मी यादीत ताईंच्या नावापुढे माझे नाव लिहिले.