चित्रात पीठ कुठे आहे?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असा निरोप आला आणि मला शाळेतलं दुसरं काही आठवेचना. आठवले ते फक्त चित्रकलेचे सर आणि आठवी ‘ब’चा शनिवारचा शेवटचा तास.

सरांनी जुन्या कॅलेंडरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक चित्र बाकांवरून फिरवलं. डच चित्रकार व्हॅन गॉगचं ‘गेनेपची पाणचक्की’, १८८४. करडं आभाळ, काळपट चाकं, पुढे जड पाणी. “काय वाटतं?” सगळे म्हणाले, उदास. आमची गावात पिठाची गिरणी. वडिलांच्या भुवया, दाराची चौकट, कोपऱ्यातली जळमटंसुद्धा पांढरी असायची. मी विचारलं, “सर, गिरणी आहे, मग पीठ कुठाय?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. चित्र घेऊन खिडकीशी गेले, बराच वेळ उजेडात धरून पाहिलं. “खरंच रे. मग आता सांग, महिना कोणता असेल?” मला सांगता आलं नाही. “उदास म्हणण्याआधी आभाळ कुठल्या महिन्याचं ते बघत जा,” एवढंच म्हणाले आणि घंटा झाली.

नोकरीनं मला नेमकं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आणलं. ती चक्की याच शहरात आजही उभी आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सायकलनं गेलो. चार वाजताच उजेड कलला होता. भिंती, पाणी, माती, सगळं त्याच एका रंगात बुडालेलं. चित्रही नोव्हेंबरातलंच! एकतीस वर्षांचा व्हॅन गॉग तेव्हा जवळच न्यूनेनला आईवडिलांकडे राहत होता. पुढच्या वर्षी ‘बटाटे खाणारे’ रंगवलं तेही याच मातकट रंगांत. लख्ख रंग आले १८८६ मध्ये पॅरिसला गेल्यावर. इतकी वर्षं ज्याला मी त्याचं दुःख समजत होतो, तो तिथला नोव्हेंबर होता. पुलावर उभं राहून मी मोठ्यानं म्हटलं, “सर, नोव्हेंबर.”

सरांना कळवायचं राहिलं. ते आधीच गेले होते. चित्रकलेच्या हॉलमध्ये आता संगणक आहेत, आणि तास आठवड्याला एकच उरलाय असं कळलं. जिवाला लागलं. समारंभाला येताना त्या चित्राची मोठी प्रत आणतो आहे. पूर्वेच्या खिडकीशेजारी लावावी ही विनंती, आणि जरा खाली लावावी, आठवीतल्या मुलांना नीट दिसेल अशी.