बेचाळीस महिने

गोव्यात डिचोलीला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. परवा लेक कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माझीच मुलाखत घ्यायला बसली. विषय, कुठल्या देशात किती लोक धंद्यात उतरतात ते मोजतात कसं. ‘ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर’ नावाची एक पाहणी आहे, तिचा पहिला अहवाल १९९९ साली दहा देशांवर निघाला. नोंदणीचे कागद न बघता देशागणिक किमान २,००० प्रौढांना थेट विचारतात. हे मला पटलं. सरकारची लहान धंद्यांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी मी केली २०२० नंतर. त्या यादीत शोधलं असतं तर सात वर्षं मी सापडलोच नसतो.

धंदा नवा की जुना, हे तिथे बेचाळीस महिन्यांवर ठरतं, आणि महिने मोजायचे पैसे देणं सुरू झाल्यापासून, मग ते कामगाराला असोत की मालकाला स्वतःला. मी हिशेब मांडला. सप्टेंबर २०१२ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी टिपरच्या, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या, गॅरेजात वेल्डर होतो. फेब्रुवारीत, काजूचा हंगाम तोंडावर असताना, घरामागे पत्रे घालून बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिळायचं यंत्र केलं. साधं लोखंड वापरलं. पहिल्याच घाण्याला रस काळा पडला! भाटीवाल्याने, म्हणजे त्या रसाची दारू गाळणाऱ्याने, यंत्र रिक्षा-टेंपोत घालून दारात आणून टाकलं. शिव्या दिल्या नाहीत, तेच जास्त लागलं. बोंडूतलं टॅनिन लोखंडाला लागलं की रस काळवंडतो हे नंतर कळलं. मग बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून स्टेनलेस स्टील आणलं. पहिला पगार दिला तो गणपतीची चवथ झाल्यावर, ऑक्टोबर २०१३मध्ये, हाताखालच्या पोराला. म्हणजे एप्रिल २०१७पर्यंत मी ‘नवा’च!

“बाबा, गरज म्हणून सुरू केलात की संधी दिसली म्हणून?” पूर्वी पाहणीत प्रश्न असाच, गरज की संधी, असा विचारत. २०१९पासून कारणं वेगवेगळी विचारतात, एकाहून जास्त चालतात. बरं केलं. नोकरी गेली हे खरं, आणि पायाने बोंडू तुडवायला माणसं मिळत नाहीत हेही मला दिसत होतंच.

त्या वर्षी आमच्या वाड्यावर कुणी ओम्नीत वडापाव विकायला लागलं, कुणी मोबाईलचं दुकान टाकलं, कुणी बायकोच्या नावावर मासळी. पाहणीवाले तेव्हा इथे आले असते तर नव्या धंद्यात उतरलेल्यांचा टक्का चांगलाच चढलेला दिसला असता. तो बघून खूश होणाऱ्या साहेबाला खाणपट्ट्यातून एक फेरी मारून आणावी. गरीब देशांतही हा टक्का बऱ्याचदा श्रीमंत देशांपेक्षा जास्त निघतो, असं लेकीनेच दाखवलं. जागतिक बँकेची धंदा-सुलभतेची क्रमवारी तर भारतासाठी दिल्ली-मुंबईच बघायची. २०२१मध्ये आकड्यांतल्या गडबडीमुळे ती बंद झाली. त्यात आपला देश १४२वरून ६३वर आला तेव्हा केवढा गाजावाजा! इकडे माझं थ्री-फेज कनेक्शन वर्षभर अडकलं होतं.

“गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या कुणी धंदा सुरू केलाय?” हा प्रश्नही त्या पाहणीत असतो. केलाय ना. तोच माझ्या हाताखालचा पहिला पोरगा. शेजारच्या साखळी गावात स्वतःचं वर्कशॉप घातलंय त्याने, माझी दोन भाटीवाली गिऱ्हाइकं घेऊन. लेकीने ‘हो’वर खूण केली.