ते थांबणं रेकॉर्डवर नाही

झोप येत नाहीये. सामान भरून झालं, बाकीचे गाडीत बसल्या बसल्या झोपलेत आणि माझ्या डोक्यात तो मुलगाच फिरतोय.

तसं काहीच झालं नाही. आमच्या बँडचा शो संपल्यावर मी मर्चच्या, म्हणजे आमच्या वस्तू विकायच्या, टेबलाशी उभा होतो. त्यानं नव्या अल्बमची एलपी उचलली, उलटी करून मागची यादी वाचली आणि विचारलं, "दादा, ते मधेच थांबतं ते गाणं यातलं कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं, दुसऱ्या बाजूचं पहिलं. तो म्हणाला, "आज घरी गेल्यावर आधी हेच लावणार. ते थांबणं परत ऐकायचंय." पैसे दिले, रेकॉर्ड छातीशी धरली आणि गेला. त्याच्या मागे रांग होती.

ते थांबणं रेकॉर्डवर नाही.

रेकॉर्डवर त्या जागी माझ्या ड्रमचा फिल आहे, कोरसच्या आधीची जागा भरणारे ठोके, स्नेअरवरून टॉमवर उतरणारे, आणि त्याच्या पोटात बासची ती धाव. आत्तापर्यंत त्यानं सुई टेकवली असेल. पहिला अंतरा, दुसरा अंतरा, मग तो कान टवकारून बसेल. ती जागा येईल आणि भरलेली असेल. त्याला काय वाटेल? आपण चुकीचं गाणं लावलं असं वाटेल का? मी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं असं वाटेल का?

सेटलिस्टवर ते गाणं अजून 'नवं ३' याच नावानं लिहिलं जातं. अल्बम निघाला, त्याला नीट नाव मिळालं, तरी मार्करनं कागदावर लिहिताना हात 'नवं ३' कडेच जातो. रेकॉर्डवर ते मिनिटाला १३२ ठोक्यांच्या लयीत आहे. स्टेजवर किती सावकाश वाजवतो ते आज पहिल्यांदा मोजलं. साउंडवाल्यानं मिक्सरवरून घेतलेलं कालच्या शोचं रेकॉर्डिंग लावलं आणि मोबाईलवर ठेका टॅप करत गेलो. १२४. एखाद्या ठिकाणी १२३. आठाचा फरक म्हणजे काही नाही असं वाटेल, पण रेकॉर्डवरचं तीन मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं तेवढ्यानं चार मिनिटं दहावर जातं. ते पंधरा सेकंद सगळे आमच्या गाणारीच्या वाट्याला येतात. शब्दांच्या मधे तिला श्वास घेता येतो.

बाकी सगळी गाणी स्टेजवर पळतात. समोर माणसं असली की छाती धडधडते आणि हात त्या धडधडीमागे जातो, म्हणून तर कानात क्लिक, लय सांगणारी टिकटिक, ठेवायचा. हे एकच गाणं उलट्या दिशेनं गेलं.

ते त्या लांबट हॉलमध्ये झालं. दुसऱ्या अंतऱ्यात माझा मॉनिटर, ज्यातून मला बाकीच्यांचं ऐकू येतं तो, मेला आणि त्याच्याबरोबर क्लिकही. समोरच्या स्पीकरचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा परत येत होता. त्याला धरून वाजवलं असतं तर सगळेच घसरलो असतो. तिचा आवाज मला ऐकूच येत नव्हता. मग मी तिच्या पाठीकडे बघत वाजवायला लागलो. गायच्या आधी ती श्वास घेते तेव्हा डावा खांदा, ज्यावर गिटारचा पट्टा असतो तो, थोडा वर जातो. पट्ट्याचं कातडं दिव्यात जरा चमकतं, म्हणून मागून कळतं. कोरसच्या आधी मी फिल वाजवला नाही. हायहॅटच्या झांजा मिटल्या आणि खांद्याची वाट बघितली. खांदा वर जाईना. चार मात्रा गेल्या. अख्ख्या हॉलमध्ये काही वाजत नव्हतं. मग खांदा हलला आणि आम्ही चौघं एकदम कोरसमध्ये उतरलो.

रात्री गाडीत ती एवढंच म्हणाली, "ते ठेव."

ठेवलं. तेव्हापासून त्या गाण्याला क्लिक नाही. मागे वाजणारे कीबोर्डचे सूर गिटारवाला पायानं पॅड दाबून सोडतो. थांबणं कधी दोन सेकंदांचं असतं, कधी जास्त, ते तिच्यावर आहे. पहिल्या अल्बमच्या गाण्यांना लोक शब्दन्‌शब्द म्हणतात, कधी कधी तिच्याहून मोठ्यानं. नव्या गाण्यांचे शब्द अजून कोणाला येत नाहीत, आणि दौऱ्याच्या सुरुवातीला मला ते फार लागायचं. पण त्या दोन सेकंदांत हॉलमधला प्रत्येक माणूस आमच्याकडे बघत असतो. हात वर करून धरलेले फोन आपोआप खाली येतात. मी स्टुलावर बसून ते रोज बघतो आणि रोज अंगावर काटा येतो.

आणि हे छापलेल्या अल्बममध्ये कुठेच नाही.

पहिल्या अल्बमच्या वेळी असं नव्हतं. ती गाणी स्टुडिओत जाण्याआधी आम्ही वर्षानुवर्षं लोकांसमोर वाजवली होती. कुठे माणसं आपसात बोलायला लागतात, कुठे पुढे सरकतात, सगळं माहीत होतं. कंटाळवाणं होतं ते रेकॉर्डिंगच्या आधीच गळून गेलं होतं. दुसऱ्या वेळी गाणी एका खोलीत लिहिली, तिथेच बसवली आणि तिथून थेट स्टुडिओत. लोकांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा रेकॉर्ड छापून आली होती.

बहुतेक बँडचं हे असंच होतं. आर्क्टिक मंकीजनी सुरुवातीला शोमध्ये डेमोच्या सीडी फुकट वाटल्या, त्या इंटरनेटवर पसरल्या, आणि २००६ च्या जानेवारीत पहिला अल्बम निघायच्या आधीच पोरं त्यांची गाणी पाठ म्हणत होती. दुसरा आला २००७ च्या एप्रिलमध्ये. मधलं सव्वा वर्ष, त्यातही दौरे. दुसऱ्या खेपेच्या गाण्यांना तेवढं वय मिळणार कुठून?

रेडिओहेडचं वाचताना मात्र मला हेवा वाटतो. 'द बेंड्स'च्या वेळी, १९९४ मध्ये, स्टुडिओत त्यांचं काम अडलं होतं. ते मधेच दौऱ्यावर गेले आणि परतल्यावर उरलेलं भराभर झालं. 'माय आयर्न लंग' तर त्यांनी मे महिन्यात लंडनच्या ॲस्टोरियात वाजवलेलंच घेतलं, फक्त गायन नव्यानं भरलं. म्हणजे त्या अल्बमवर फिलिप सेलवेचे त्या रात्रीचे ड्रम आहेत, समोर माणसं असतानाचे. मी ते गाणं ऐकतो तेव्हा गाण्यापेक्षा जास्त हेच ऐकतो.

आणि स्टोन रोझेस. पहिला अल्बम १९८९ चा, मग रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकज्जा, दुसरा आला थेट १९९४ च्या डिसेंबरात. पाच वर्षं. तरी १९९५ च्या मार्चमध्ये, दौरा तोंडावर असताना, त्यांचा ड्रमर रेनी बँड सोडून गेला. ती गाणी दौऱ्यात दुसऱ्याच माणसानं वाजवली. त्यावर आज लिहायला नको.

आज रात्री मला खरंच फार वाईट वाटतंय. जे कच्चं होतं ते छापलं गेलं आणि जे पिकलं ते कोणाच्या हातात देता येत नाही. मास्टरिंगनंतर, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरल्यावर, काहीच बदलता येत नाही. लॅकरच्या तबकडीवर खाच कापली जाते, त्यावरून साचे बनतात, टेस्ट प्रेसिंग, चाचणीची रेकॉर्ड, येतं, आपण कान लावून ऐकतो आणि हो म्हणतो. मग महिनोन्‌महिने वाट बघायची, आणि त्या काळात गाणं आपल्या हाताखाली वाढतच असतं. हे गाणं दुसऱ्या बाजूला पहिलं ठेवायचा हट्ट माझा होता. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून एका फेरीत जास्त लांबी सरकते, आवाज मोकळा येतो. मध्याकडे जाताना ती लांबी कमी होत शेवटी जवळजवळ निम्म्यावर येते आणि झांजांचे वरचे सूर बोथट होतात. सगळ्यात चांगली जागा मी त्या गाण्याला मिळवून दिली. नेमकं तेच गाणं तिथे अर्धवट वयाचं आहे.

गिटारवाला म्हणतो, लाइव्ह काढू ना. काढूही. पण त्या मुलाच्या एलपीवर ते जाणार नाही. तो सुई उचलून परत मागे टेकवेल, आपलंच लक्ष नव्हतं असं समजून. हे डोळ्यासमोर आलं की पोटात गोळा येतो. लोक पैसे देऊन आमची वस्तू घरी नेतात, सावकाश बसून ऐकतात, आणि त्यांना ज्यासाठी ती हवी होती तेच आत नाही.

शेवटी हेडफोन लावून रेकॉर्डच ऐकली. किती दिवसांत ऐकली नव्हती. रोज वाजवणारा माणूस कशाला ऐकतो?

पहिल्या अंतऱ्यात मी घाईत आहे, ते कळतं. आम्ही सगळेच घाईत आहोत. तिचे शब्द एकमेकांवर चढतात. मग ती जागा आली. माझा फिल सुरू झाला आणि खालून तो निघाला.

रेकॉर्डवरचा बास त्याचा आहे, आमच्या जुन्या बासवाल्याचा. ड्रम आणि बास आम्ही एकत्र घेतले होते. त्याचा ॲम्प बाहेरच्या खोलीत होता, तो स्वतः माझ्यासमोर, केबलच्या पेटीवर बसून. फिलच्या दुसऱ्या मात्रेला त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तारेवर चढत गेला. चार सूर, पाचवा थेट कोरसच्या पहिल्या मात्रेवर. ठरलेलं काहीच नव्हतं. तो टेक आम्ही ठेवला. मिक्सच्या वेळी त्याचे सूर टॉमखाली दबत होते, तर तो अडून बसला, दोन डेसिबल तरी वर घ्या म्हणून. संध्याकाळ त्यात गेली. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आणि त्या संध्याकाळनंतर जे जे झालं त्यातलं काही त्या रागाचंही होतं. असो.

हेडफोनमध्ये ते दोन डेसिबल नीट ऐकू येतात. बरोबर होतं त्याचं.

नव्या बासवाल्यानं ती धाव कधी वाजवलीच नाही. वाजवू नकोस असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच तालमीत तो त्या जागी हात तारांवर ठेवून गप्प राहिला, मी एकट्यानं फिल वाजवून कोरसमध्ये गेलो आणि कोणी काही बोललं नाही. फिल तेव्हाच पोकळ वाटत होता. त्या लांबट हॉलमध्ये मॉनिटर गेला हे खरं, पण ती जागा त्याआधीच रिकामी झाली होती. मी फक्त त्या रात्री त्या जागेवर वाजवणं बंद केलं.

मी ते गाणं परत लावलं. मग आणखी एकदा. १३२ ला ते धावतं, धापा टाकतं, पण त्या चार सुरांना १३२ च लागते. १२४ ला ते सूर जड होतील, जिना चढल्यासारखे. तो ज्या बँडमध्ये होता त्या बँडची लय तीच होती. आणि तो बँड आता एवढाच उरलाय, दुसऱ्या बाजूच्या बाहेरच्या कडेला.

त्या मुलाला थांबणं मिळणार नाही. त्याच्या जागी हे मिळेल. हे काही कमी नाही, असं आता, गाडी थंड पडल्यावर, मला वाटायला लागलंय. दहा वेळा ऐकेल तर त्याला तेच खरं वाटायला लागेल. पुढच्या दौऱ्याला तो येईल आणि टेबलाशी उभा राहून विचारेल, दादा, इथे बास वर चढायचा तो कुठे गेला? तेव्हाही माझ्याकडे उत्तर नसेल, पण निदान त्याच्याकडे ते सूर असतील. गाणं तोपर्यंत आणखी कुठे तरी गेलेलं असेल. ११८ ला? किंवा परत क्लिकवर. मला ठरवता येत नाही हे एकदा कबूल केलं की बरं वाटतं, निदान अर्धा तास.

परवाचा शो जुन्या बासवाल्याच्या शहरात आहे. दुपारीच त्याचा मेसेज आला होता, गेस्ट लिस्टवर नाव टाकाल का, दोघं येऊ. मी तो गाडीत सगळ्यांना वाचून दाखवला. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "नवं ३ परवापुरतं काढूया का?" मी नको म्हणालो. गिटारवाला म्हणाला, "मग तू फिल तरी वाजव, त्याला बरं वाटेल." तेही नको. नवा बासवाला बिचारा माझ्याकडे बघत होता. त्याला सांगितलं, रोज करतोस तेच कर.

आत्ताच उत्तर पाठवलं. दोन नावं टाकली आहेत, साउंडचेक चारला आहे, जमलं तर त्यालाच ये.