इंग्लंडच्या जंगलातली फेरी, नागपूरकरांसाठी

नागपुरात पारा ४५ ला टेकला की लंडनला लेकीकडे नाहीतर मुलाकडे मुक्काम हलवणारे बरेच असतात. तिथे पहिल्याच रविवारी जंगलात फिरायचा बेत ठरतो. वाटेच्या वर्णनात ‘मॉडरेट’ लिहिलेलं असतं, आणि रोज अंबाझरीला चालणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं! चढ खरंच फार नसतो. दमवतो तो चिखल, आणि वाट चुकते ती फाट्यावर.

उदाहरणाला वेंडोव्हर घ्या. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून थेट गाडी आहे, पाऊण तास ते पन्नास मिनिटांची. तिथून ‘रिजवे’ या राष्ट्रीय पायवाटेची एकॉर्नची, म्हणजे ओकच्या फळाची, खूण धरून बेकम हिल चढायची. पुढे कूम हिल, उंची २६० मीटर, माथ्यावर बोअर युद्धातल्या मृतांचं स्मारक. मग डन्समोर या वस्तीकडे वळून बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून परत वेंडोव्हर. कोणती वाट धरता त्यावर आठ ते दहा किलोमीटर भरतात.

फेरी याच दिशेने करा. बेकमची बाजू खडूच्या दगडाची आहे. शाळेतला खडू ओला करून बोटांत चोळून बघा, बुटाखाली तेच होतं. चढताना निभतं, उतरताना पाय सटकतो.

वरच्या जंगलात खडूवर चिकणमातीचा थर आहे, त्यात गारगोटीचे धारदार तुकडे. ओल्या काळ्या मातीत पायाला किलो-किलोचे गोळे कसे लागतात हे विदर्भात कुणाला सांगायला नको. तिथे फरक एवढाच की माती बुटाच्या खाचांत भरते, तळवा गुळगुळीत होतो आणि त्याखाली पाचोळ्यात लपलेलं बीचचं ओलं मूळ येतं. म्हणून सकाळच्या वॉकचे स्पोर्ट्स शूज घरी ठेवा. चार-पाच मिलिमीटर खोल, एकमेकांपासून लांब खाचा असलेला, घोट्याला धरणारा बूट हवा. मुळावर पाय देऊ नका, ओलांडून जा. घोडे जातात त्या वाटांवर आणि फाटकांपाशी चिखल सगळ्यात वाईट, मे-जूनमध्येसुद्धा.

आता नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ‘एक्सप्लोरर’ घ्या, १:२५,००० प्रमाणाचा, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. वेंडोव्हरसाठी १८१ क्रमांकाचा. त्यावर हिरव्या छोट्या तुटक रेघा म्हणजे ‘फुटपाथ’. हा आपल्या सीताबर्डीतला दुकानं मांडलेला फुटपाथ नव्हे, शेताजंगलातून चालत जायचा कायदेशीर हक्क असलेली वाट. लांब हिरव्या तुटक रेघा म्हणजे ब्राइडलवे, तिथे घोडा आणि सायकलही चालते. काळी तुटक रेघ म्हणजे वाट आहे, पण तेवढ्यावरून तुमचा हक्क ठरत नाही. गोंधळ इथेच होतो: लाकूडतोडीसाठी केलेला रुंद रस्ता डोळ्यांना खरा वाटतो, आणि हक्काची वाट शेजारून बोटभर रुंदीने निघून जाते. खांबावर पिवळा बाण फुटपाथचा, निळा ब्राइडलवेचा. वेंडोव्हर ज्या टेकड्यांत आहे त्या चिल्टर्न्समध्ये झाडांच्या खोडांवरही पांढरे बाण रंगवलेले असतात. बीचखाली झुडपं कमी, त्यामुळे पानगळीत जमीन सगळीकडे सारखीच दिसते. पाच मिनिटं बाण दिसला नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या बाणापर्यंत मागे या.

वेळेचा हिशेब सोपा. ताशी पाच किलोमीटर, वर दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं. नऊ किलोमीटर आणि २०० मीटर चढ धरला तर दोन तास आठ मिनिटं होतात. चिखल, फोटो, डबा मिळून तीन-साडेतीन तास धरा. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा उन्हाच्या धाकाने पहाटे पाचला निघायची आपली सवय तिथे कामाची नाही. डिसेंबरात मात्र चारच्या आधी सूर्य मावळतो.

डब्यासाठी संत्रा बर्फी इथून नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की चालते. सुती शर्ट घामाने भिजून अंगावर थंड पडतो, त्यापेक्षा सिंथेटिक बरा. छत्री फांद्यांत अडकते, जॅकेट घ्या. वाटेतलं फाटक जसं सापडलं तसं सोडा, उघडं तर उघडं. वासरू असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून जाऊ नका. गाय आपल्या ओळखीची, पण तिथली आपल्याला ओळखत नाही.

पँट मोज्यात खोचा, दिसायला कसंही दिसो. नेटल या रानझुडपाच्या पानांची आग खाजकुइलीची आठवण करून देते, आणि गवतात गोचीड असते. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडी काही नको. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत चावलेल्या जागी पसरत जाणारा लालसर वळसा दिसला तर तो लाइम आजार असू शकतो, अँटिबायोटिक्सने बरा होतो. तोवर तुम्ही नागपुरात परतलेले असाल. इथल्या डॉक्टरांना हा आजार चटकन सुचणार नाही, म्हणून त्यांनी विचारायच्या आधीच सांगा की इंग्लंडच्या जंगलात फिरून आलो.