थाळनेरचा शेवटचा दरवाजा

२७ फेब्रुवारीला सकाळी शिरपूरच्या एसटी स्टँडवर उतरले, तर समोरच मराठी भाषा गौरव दिनाचा फलक. झेंडूची माळ ताजी होती. मी ही तारीख निवडली होती ती वेगळ्या कारणासाठी. १८१८ साली याच दिवशी इथून जवळच, तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यात, लढाई संपलेली असताना माणसं मेली. तह होऊन बावन्न दिवस झाले होते.

माझं माहेर अमळनेरचं. लहानपणी थाळनेर म्हणजे मावशीकडे जाताना ऐकू येणारं एक नाव, एवढंच. ते मनात रुतलं फार पुढे, होळकरांच्या मंदसोरच्या तहाबद्दल वाचताना. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. गादीवर मल्हारराव, अकरा वर्षांचा पोरगा. त्याच्या वतीने तात्या जोगांनी बोलणी केली, इंग्रजांकडून माल्कम होता, आणि ६ जानेवारी १८१८ला कागदावर सह्या झाल्या. सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सगळा मुलूख इंग्रजांना. म्हणजे आपला खानदेश. एका ओळीत गेला.

तो कागद मंदसोरला झाला. थाळनेरच्या तटावर उभ्या असलेल्या शिपायाला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या थकलेल्या पगाराचं काय होणार हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला तहांच्या इतिहासात नेहमी हीच जागा दुखते. सह्या करणारे एक असतात, दरवाजात उभे राहणारे दुसरेच.

मावशीने कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून दिला. "उन्हाचं लवकर परत ये, गडावर सावली नाही," म्हणाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मधूनच दादर ज्वारीचं शेत. हवेत अजून थोडा गारवा होता.

गावात आधी हजिऱ्यांकडे गेले. फारुकी सुलतानांच्या या कबरी. फिरोजशाह तुघलकाने १३७०मध्ये मलिक राजाला थाळनेर दिलं आणि खानदेशचं राज्य इथून सुरू झालं. त्यातली एक कबर अष्टकोनी आहे. भिंतीच्या दगडावर हात ठेवला, गार लागला. हे राज्यही शेवटी तहानेच बुडालं म्हणायचं की वेढ्याने? १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचा शेवट झाला. पण आज माझं मन तिकडे नव्हतं.

किल्ला तापीच्या उत्तर काठावर आहे. एका बाजूला थेट पात्र, बाकी तिन्ही बाजूंना खोल घळ. आत जायचं तर वळणावळणाचा रस्ता आणि एकामागे एक पाच दरवाजे, असं त्या काळचं वर्णन आहे. आता तट ढासळलेला, बाभळी माजलेल्या. पडक्या बुरुजाखाली एक म्हातारे बाबा बकऱ्या राखत बसले होते.

"कथाईन उनात ताई?"

"अमळनेरची मी, बाबा. नाशिकला असते आता."

"काय दखाले उनात?"

दरवाजा, म्हटलं. त्यांनी काठी उचलून समोरच्या दगडांच्या ढिगाकडे केली. "आठे व्हता."

मी तिथे बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. इंग्रजांचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप माळव्यातून सैन्य घेऊन सेंधव्याचा घाट उतरला. सेंधव्याचा किल्ला तहाप्रमाणे मुकाट्याने त्याच्या हवाली झाला होता. थाळनेरच्या किल्लेदाराला त्याने निरोप पाठवला: किल्ला तहात दिलेला आहे, खाली करा, नाहीतर बंडखोर ठराल. आतून उत्तर आलं ते तोफांचं. दुपारपर्यंत गोळागोळी चालली, बाहेरचा दरवाजा पडला. मग किल्लेदार तुळशीराम मामा स्वतः दिंडी दरवाजातून बाहेर आला आणि शरण आला. इंग्रज एकेक दरवाजा ओलांडत आत गेले. शेवटचा दरवाजा बंद होता. आत अरब शिबंदी होती, पगारी शिपाई, तीनएकशे माणसं. त्यांचा धनी त्यांना सोडून बाहेर गेला होता आणि आपलं काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं.

दरवाजाच्या फटीतून बोलणी झाली. कोणत्या भाषेत, कुणाच्या तोंडून, याचा विचार करत मी त्या दगडांकडे किती वेळ बघत राहिले. शेवटी दिंडी उघडली. मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि आणखी काही जण वाकून आत शिरले. दिंडीतून एका वेळी एकच माणूस जातो, तोही मान खाली घालून. आतल्यांना वाटलं हे चालून आले, बाहेरच्यांना वाटलं हे शरण आले. एकमेकांचं बोलणं एकमेकांना कळलं नाही. गॉर्डन आणि मॅकग्रेगर तिथेच मारले गेले. मागचे सैनिक घुसले आणि आतल्या शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं, तो तर आधीच शरण आलेला होता.

या फाशीवर पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेत, हिस्लॉपच्या आभाराच्या ठरावाच्या वेळी, प्रश्न विचारले गेले. किल्लेदाराने विश्वासघात केला असं हिस्लॉपची बाजू घेणारे म्हणत. मला ते पटत नाही. आपल्या धन्याने किल्ला देऊन टाकला, हे त्याने शत्रूच्या तोंडून ऐकलं. त्यावर विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर?

चार महिने जात नाहीत तो मालेगावला हीच वेळ आली. तेव्हा मालेगाव खानदेशातच मोडायचं. तिथल्या भुईकोटातही अरबच होते आणि महिनाभर वेढा चालला, इंग्रजांची माणसंही बरीच गेली. पण जूनमध्ये शरणागतीचा कागद मराठीत लिहिला गेला. त्यातल्या शब्दांवरून पुढे वाद निघाला, तेव्हा इंग्रजांनी तो आतल्यांच्या फायद्याचा धरला. ते अरब जिवानिशी बाहेर पडले. थाळनेर आणि मालेगाव, मध्ये साडेतीन महिने. मी दोन्हीकडे गेले आहे, आणि मला फरक दिसतो तो त्या एका कागदाचा.

आदल्या दिवशी मी धरणगावला होते. तिथली गोष्ट आणखी वेगळी. १८१८मध्ये मोठी लढाई संपली, पण डोंगरातली संपली नाही. घाटांची राखण करणाऱ्या भिल्ल नाईकांचे जुने हक्क बुडाले होते, त्याआधी १८०३-०४च्या दुष्काळाने रान उजाड केलं होतं. इंग्रजांनी वर्षानुवर्षं फौजा धाडल्या, तापाने शिपाई आजारी पडले, रस्ते मोकळे झाले नाहीत. शेवटी १८२५मध्ये, मुंबईचा गव्हर्नर असलेल्या एल्फिन्स्टनच्या काळात, वेगळी वाट धरली: जुने गुन्हे माफ, बी-बैलांना पैसा, जमीन, आणि पलटणीत नोकरी. बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम भिल्लांबरोबर शिकारीला जायला लागला. धरणगावला भिल्ल पलटणीचं ठाणं बसलं.

हे मी चांगलं म्हणून सांगत नाही. ईस्ट इंडिया कंपनीला सारा हवा होता, म्हणून शांतता हवी होती. त्याच पलटणीला पुढे भिल्लांवरच पाठवलं गेलं. सेंधवा घाटाची राखण केलेला खाज्या नाईक १८५७मध्ये उलटला, एप्रिल १८५८ला अंबापाणीला लढाई झाली. डोंगरात राहणाऱ्याचं गाऱ्हाणं अर्धंच मिटलं होतं. तरी एवढं खरं, की सात वर्षं बंदुकीने जे झालं नाही ते बियाण्याच्या पैशाने आणि महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या पगाराने थोडंफार झालं.

आमच्या मावशीच्या सासरी बांधावरून भाऊबंदकी होती. कोर्टात तडजोड झाली, कागदावर सगळ्यांचे अंगठे झाले. दोन घरं मात्र बोलायला लागली अकरा वर्षांनी, एका लग्नात मांड्यांची परात उचलायला माणूस कमी पडला तेव्हा.

बाबांनी हे सगळं मान हलवत ऐकलं. भाकरी अर्धी त्यांना दिली. ठेचा जिभेला लावून त्यांनी डोळे मिटले. खाली तापीवर ऊन पसरलं होतं, पाणी काठापासून बरंच आत गेलेलं. बकऱ्या शेवटच्या दरवाजाच्या दगडांवर चढून बाभळीचा पाला ओढत होत्या.

"त्या किल्लेदारनं नाव काय सांगं तू?"

"तुळशीराम मामा."

त्यांनी ते नाव दोनदा स्वतःशी म्हटलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोना मामा व्हता तो?"