साणं गेलं, आता शेंगी कुठून येणार?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवून स्लॅब टाकायचा, हे सासरे होते तेव्हापासून चाललं होतं. दर पावसाळ्यात मधल्या खोलीत पातेली मांडायची आणि 'गणपती होऊ देत, मग बघू' म्हणायचं. यंदा संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली आणि खरंच सामान हललं. आम्ही जुळे सोलापुरात भाड्यानं, आणि घरात गवंडी.

उन्हाळ्यात सोलापुरात बांधकाम काढलं की निम्मा जीव पाण्यात अडकतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आणि इकडे स्लॅबवर आळी बांधून ती भरलेली ठेवायची. टँकरवाल्यांच्या कथा सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही. आज विषय शेंगीचा.

शेंगी म्हणजे आमची मांजर. तांबूस, शेंगाचटणीच्या रंगाची, म्हणून शेंगी. जुन्या घराला साणं होतं, म्हणजे उजेड यावा, चुलीचा धूर जावा म्हणून माळवदात ठेवलेलं भोक. चूल जाऊन जमाना झाला, पण साण्याचा खरा उपयोग शेंगीलाच ठाऊक. रात्रभर पेठ पालथी घालून पहाटे साण्यातून फडताळावर, फडताळावरून सासूबाईंच्या पायाशी. दूधवाल्याच्या आधी हजर.

परत आलो त्या दिवशी रिक्षात सात रस्त्यापर्यंत तिनं गळा काढला होता. घरात पिशवीची चेन उघडली तर एकदम गप्प. पोट फरशीला टेकवून, भिंतीच्या कडेकडेनं, कोपरा न् कोपरा हुंगत निघाली. मधेच थांबून तोंड अर्धवट उघडं ठेवायची, हसतेय की काय असं वाटावं असं. मांजराच्या टाळूत वास पारखायचं एक वेगळं इंद्रिय असतं, त्यासाठी ते तोंड. यांना मात्र राग आला. "इथंच जन्मली की ही! स्वतःचं घर ओळखू येईना?"

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "ती घरच शोधायलीय. तुम्ही ठेवलंय कुठं?"

खरंच ठेवलं नव्हतं. जुन्या स्वयंपाकघराच्या चौकटीला, जमिनीपासून वीतभर वर, एक काळपट तेलकट डाग होता. दर दिवाळीला मी तो सोडा लावून घासायची आणि आठवड्यात तो परत उमटायचा. शेंगी जाता-येता तिथं गाल घासायची. मांजरांच्या गालात आणि पंजांत गंधाच्या ग्रंथी असतात. घासून, ओरखडून ती आपला वास जागोजागी लावून ठेवतात आणि तेवढ्यावर त्यांचं 'आपलं घर' ठरतं. आम्ही गिलावा खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात दिले, चौकटीसुद्धा बदलल्या. आम्हाला घर नवं झालं, तिचं पार पुसलं गेलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सगळं घर एकदम द्यायचं नाही. म्हणून सासूबाईंची खोली तिला दिली. तिथं पाणी, खाणं, एका टबात बांधकामाची उरलेली वाळू चाळून, आणि तिची चादर. ही चादर म्हणजे मोराच्या नक्षीची जुनी सोलापुरी, दोन्ही बाजूंनी सारखी मळलेली. भाड्याच्या घरातून निघताना मी ती धुण्यात टाकणार होते, सासूबाईंनी ओढून घेतली. जाड सुताची चादर वास धरून ठेवते. अख्ख्या घरात शेंगीच्या ओळखीची तेवढी एकच वस्तू होती.

डॉक्टरांची दुसरी ताकीद फिनाईलची. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निचरता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून ती चालते, मग पंजे चाटते, की गेलं पोटात. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते ती याच कारणानं. आमच्या कामवाल्या मावशींना हे पटेना. "फिनाईलचा वास नाही तर पुसल्यासारखं वाटतंय का ताई?" शेवटी साधं पाणी आणि डाग असेल तिथं थोडा साबण, यावर तह झाला.

वास्तुशांत झाली, दूध उतू गेलं, पाहुणे फरशीचं कौतुक करून गेले. शेंगी तेवढा वेळ कडीकुलपात. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी धुतलेल्या सुती साडीचा मऊ तुकडा घेतला, हळूहळू शेंगीच्या गालांवरून फिरवला आणि मला म्हणाल्या, "घे, आता दारांना लाव." मी ओणवी होऊन प्रत्येक चौकटीला, कपाटाच्या कडेला, पलंगाच्या पायाला तिच्या उंचीवर तो तुकडा फिरवत सुटले, नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावावी तशी. हे हसत होते. पण हा उपाय पुढं डॉक्टरांनीही खरा म्हणून सांगितला, तेव्हा हसू आटोपलं.

खोलीतून ती आपणहून बाहेर पडली, पण गेली थेट मागच्या अंगणात. हौदाजवळच्या शहाबादी फरश्या पैसे वाचवायला आम्ही तशाच ठेवल्या होत्या. तिथं पाठीवर पडून लोळली, अगदी यथेच्छ. आतल्या चकचकीत टाइल्सवर अजून घसरते. पळत आली की वळणावर मागचे पाय एकीकडे, तोंड एकीकडे. माझं मत विचाराल तर त्या टाइल्स पाहुण्यांसाठीच असतात, नांदणाऱ्यांसाठी नाहीत.

आता रंगाचा वास गेलाय, नव्या चौकटीवर फिकट डागही दिसायला लागलाय. तो मी घासणार नाही. अडलंय ते जाण्यायेण्याचं. साणं नाही, खिडक्यांना सरकती तावदानं आणि डासांची जाळी. रात्री ती जाळी ओरखडते, पहाटे बाहेरून ओरडते आणि उठावं मलाच लागतं. सुतार म्हणतो, मागच्या दाराला खाली छोटी झडप करून देतो. हे म्हणतात, नव्या सागवानी दाराला भोक पाडायचं नाही. सासूबाईंना झडपेतून साप येईल अशी धास्ती. मी सुताराला रविवारी ये म्हणून सांगितलंय, हे त्या दिवशी पंढरपूरला चाललेत.